कोरिया उतरला तरी माणूस मागे का पडतो: हंटिंग्टनमध्ये हालचाल आणि कार्यक्षमता मोजताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे ४६ वर्षांचे हंटिंग्टनचे, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण येतात. ते एका दुकानात हिशेब लिहितात. कोरिया, म्हणजे अंगाच्या आपोआप होणाऱ्या नाचऱ्या हालचाली, शांत करणारे टेट्राबेनाझिन हे औषध सुरू झाल्यावर आठ महिन्यांत त्यांचे यूएचडीआरएस या हंटिंग्टनच्या मोजपट्टीतले एकूण मोटर (हालचालींचे) गुण ३८ वरून ३१ वर आले, त्यात कोरियाचे गुण १५ वरून ५ झाले. पण टीएफसी, म्हणजे एकूण कार्यक्षमतेचे गुण, ९ वरून ७ वर घसरले. पत्नी म्हणते, "हात शांत झाले, पण हे आता कशातच नसतात." यातला कोणता आकडा खरा मानायचा आणि पुढची तपासणी कशी करायची?

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि पत्नीचे म्हणणेही. घोटाळा होतो तो नुसती बेरीज पाहिल्यामुळे. ती आधी फोडा. मोटर भागात ३१ नोंदी असतात. प्रत्येकीला ० ते ४ गुण, म्हणजे कमाल १२४, आणि गुण जितके जास्त तितका बिघाड जास्त. यांपैकी ७ नोंदी कोरियाच्या: चेहरा, तोंड-जीभ, धड आणि चार हातपाय. तुमच्या रुग्णाचे या सात नोंदींतले गुण १० ने उतरले, तरी एकूण बेरीज ७ नेच उतरली. म्हणजे उरलेल्या २४ नोंदी २३ वरून २६ वर चढल्या आहेत. कुठेतरी मंदपणा, तोल, डोळे किंवा बोटांचा वेग बिघडला आणि औषधाने शांत केलेल्या कोरियाखाली तो झाकला गेला.

हंटिंग्टनमध्ये हे नेहमीच लक्षात ठेवावे लागते. कोरिया डोळ्यांत भरतो म्हणून घरचे, शेजारी आणि कधीकधी आपणही त्यालाच आजार समजतो. प्रत्यक्षात नोकरी, पैशांचा व्यवहार, स्वयंपाक, कपडे घालणे ही कामे मोडतात ती मुख्यतः हालचाल सुरू करण्यातला उशीर, मंदपणा, एखादी कृती टिकवून न धरता येणे आणि विचारांची गती कमी होणे यांमुळे. आजार पुढे सरकतो तसा कोरिया एका पातळीवर थांबतो, पुष्कळदा उतरतोही, आणि ताठरपणा, डिस्टोनिया (स्नायू आवळून अंग वेडेवाकडे पिळणे) वाढत जातात. वीस वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या मुलांमध्ये तर कोरिया नावालाच असतो, सुरुवातच ताठरपणाने होते. त्यामुळे कोरियाचे गुण, उरलेले मोटर गुण आणि टीएफसी हे तीन आकडे दर वेळी वेगळे लिहा.

मोटर तपासणी

यूएचडीआरएस ही हंटिंग्टन स्टडी ग्रुपने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी. हालचाल, आकलन, वर्तन आणि कार्य असे तिचे चार भाग. मोटर भागाला सरावाने वीसेक मिनिटे लागतात. तपासणी दर वेळी दिवसाच्या एकाच वेळी आणि औषध घेतल्यापासून तेवढ्याच अंतराने करा, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते कागदावर वरच लिहा. हे न लिहिल्यामुळे दोन भेटींची तुलना निरर्थक ठरलेली फार दिसते.

डोळ्यांपासून सुरुवात करा. रुग्णाने डोके स्थिर ठेवायचे. आधी बोट सावकाश आडवे आणि मग उभे फिरवून नजर बोटामागोमाग गुळगुळीत येते का ते पाहा. मग दोन बाजूंना बोटे धरून "इकडे, तिकडे" अशा सूचनेवर नजर झटकन हलवायला सांगा. नजर हलवायला सुरुवात होण्यातला अडथळा सुमारे २० अंशांच्या अंतरावर पाहतात, तिचा वेग सुमारे ३० अंशांवर. नजर वळवण्याआधी पापणी मिटते किंवा डोके झटका देते का, हे नीट बघा. सांगितल्यावर ते थांबवता आले तर २ गुण, थांबवताच आले नाही तर ३. सर्वांत जास्त चूक इथेच होते: डोके हलले म्हणून आपण हनुवटी धरतो, मग नजर नीट गेली की ० देऊन मोकळे होतो. डोक्याची ती हालचाल हेच लक्षण आहे. रस्ता ओलांडताना, दुचाकी चालवताना, वहीतल्या एका ओळीवरून दुसरीवर जाताना याच बिघाडाची किंमत मोजावी लागते. तुमचे रुग्ण हिशेब लिहितात, तेव्हा या सहा नोंदी घाईत उरकू नका.

जीभ पूर्ण बाहेर काढून १० सेकंद धरायला सांगा. दहा सेकंद टिकली तर ०, दहाच्या आत आत गेली तर १, पाच सेकंदही टिकली नाही तर २, पूर्ण बाहेरच येत नसेल तर ३, ओठांपलीकडे येत नसेल तर ४. घड्याळ लावा, अंदाजाने देऊ नका. कृती टिकवून न धरता येण्याची ही सर्वांत सोपी चाचणी आहे. हातात दोन बोटे देऊन "घट्ट धरून ठेवा" म्हटले की पकड एकसारखी न राहता दूध काढल्यासारखी आवळत-सैलावत जाते, तेही याच प्रकारचे लक्षण. त्याला मोटर गुणांत जागा नाही, पण शेजारी टिपून ठेवा. घरात कप हातून का निसटतात, ते त्यातून कळते.

बोटांचे टॅपिंग: अंगठा आणि तर्जनी, जितके मोठे उघडता येईल आणि जितके जलद करता येईल तितके, ५ सेकंद. १५ किंवा जास्त झाले तर ०, ११ ते १४ ला १, ७ ते १० ला २, ३ ते ६ ला ३, त्याखाली ४. दोन्ही हात वेगवेगळे. कोरियाच्या हालचाली मोजणीत धरू नका, आणि मोजताना दुसरा हात मांडीवर मोकळा ठेवू द्या, त्यात कोरिया किती वाढतो ते आयते दिसते. पुढे तळहात पालथा-उलथा करण्याची चाचणी, तीही दोन्ही हातांची.

लुरिया चाचणीत मूठ, हाताची कड, तळवा असा क्रम असतो. आधी स्वतः करून दाखवा आणि प्रत्येक पायरी त्यांना जमते याची खात्री करून घ्या. मिनिटभर सराव द्या, मग गप्प बसा. १० सेकंदांत सूचनेशिवाय चार किंवा जास्त क्रम झाले तर ०, चारपेक्षा कमी झाले तर १. तुम्ही "मूठ, कड, तळवा" म्हणत राहिल्यावर चार जमले तर २, तरीही कमी पडले तर ३, अजिबात जमले नाही तर ४. तपासणाऱ्याचा स्वभाव इथे आड येतो. आपण मदत करणारी माणसे, नकळत ओठ हलवतो किंवा आपला हात हलवतो, आणि १ किंवा २ चा निकाल खोटा ठरतो. हात मागे बांधून बसा.

कोरिया आणि डिस्टोनिया यांसाठी वेगळी वेळ काढायची नसते. पूर्ण तपासणीभर पाहत राहायचे आणि जास्तीत जास्त जे दिसले ते लिहायचे. खुर्चीवर शांत बसलेला माणूस फसवतो. हात मांडीवर, डोळे मिटलेले, आणि शंभरातून सात-सात वजा करायला किंवा महिने उलट्या क्रमाने सांगायला लावा. मनावर ताण आला की लपलेला कोरिया बाहेर येतो. चालताना बोटे नाचतात, तीही नोंदवा. सौम्य आणि अधूनमधून असेल तर १; सौम्य पण सतत किंवा मध्यम पण अधूनमधून असेल तर २; मध्यम आणि सतत असेल तर ३; ठळक आणि दीर्घकाळ टिकणारा असेल तर ४.

ताठरपणा कोपर निष्क्रियपणे हलवून पाहायचा. पुष्कळ रुग्ण नकळत तुमच्या हालचालीला मदत किंवा विरोध करतात, ते वेगळे ओळखा. शरीराच्या एकूण मंदपणाची नोंद, जिला ब्रॅडिकायनेशिया म्हणतात, तीच तुमच्या रुग्णात सर्वांत महत्त्वाची ठरू शकते. नाव पुकारल्यावर उठायला किती वेळ लागला, पिशवीतून फाइल काढताना कुठे अडले, चेहरा किती हलतो, हे सगळे त्यात येते.

चाल आणि तोल शेवटी. टाचेला बोटे लावून दहा पावले: एकही चूक नाही तर ०, एक ते तीन वेळा पाऊल बाजूला पडले तर १, त्याहून जास्त पडले तर २, पूर्ण करता आली नाही तर ३. मग मागे ओढण्याची चाचणी. पाय थोडे विलग ठेवून उभे करा, काय करणार ते आधी सांगा, एकदा हलके ओढून दाखवा, मग दोन्ही खांद्यांना ठाम झटका द्या. तुमच्यामागे हातभर अंतरावर भिंत हवी आणि रुग्ण जड असेल तर सोबत दुसरा माणूस हवा. भीतीने हलकेच ओढले तर सगळ्यांनाच ० मिळतो. स्वतः सावरले तर १, धरले नसते तर पडले असते अशी स्थिती असेल तर २.

दोन वेगळ्या तपासणाऱ्यांत चार-पाच गुणांचा फरक सहज पडतो. शक्य तो एकाच व्यक्तीने तपासावे. संमती घेऊन चाल आणि टॅपिंगचे छोटे चित्रीकरण ठेवले तर पुढच्या वेळी वाद राहत नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हा आजार पालकाकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. सोबत आलेला भाऊ किंवा मुलगी "माझीही बोटे जरा पाहता का?" असे विचारते. सहज म्हणूनही पाहू नका. बोटांच्या वेगावरून कुणालाही "आहे" किंवा "नाही" सांगता येत नाही, आणि तुमच्या चेहऱ्यावरचा भाव तो माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो. जनुकीय समुपदेशन करणाऱ्यांकडे पाठवा, तपासणी करायची की नाही हे त्याला शांतपणे ठरवू द्या.

टीएफसी: विचारण्याची कला

आता त्या ९ आणि ७ कडे वळू. ही मोजपट्टी शूलसन आणि फान यांची, १९७९ ची. पाच प्रश्न: व्यवसाय (० ते ३), पैशांचे व्यवहार (० ते ३), घरकाम (० ते २), स्वतःची दैनंदिन कामे (० ते ३) आणि काळजी कुठल्या पातळीवर घ्यावी लागते (० ते २). एकूण १३. इथे दिशा उलटी आहे, गुण जास्त म्हणजे स्थिती चांगली. ११ ते १३ पहिली अवस्था, ७ ते १० दुसरी, ३ ते ६ तिसरी, १ ते २ चौथी, ० म्हणजे पाचवी. तुमचे रुग्ण ९ वरही दुसऱ्या अवस्थेत होते आणि ७ वरही दुसऱ्याच अवस्थेत आहेत. अहवालात फक्त "दुसरी अवस्था" लिहिले असते तर ही घसरण कुणाला दिसलीच नसती.

प्रश्न पाचच असल्यामुळे सोपे वाटते, पण मोटर तपासणीपेक्षा हा भाग चुकण्याची शक्यता जास्त. पहिले कारण, रुग्णाला स्वतःचा बिघाड पुष्कळदा कळत नाही. ते लपवत नसतात, हट्टही करत नसतात. आजारामुळे मेंदूला ती जाणीवच नीट पोचत नाही. "काम कसे चालले आहे?" "उत्तम." म्हणून रुग्णाला आणि घरच्या माणसाला वेगवेगळे विचारा, आणि घरच्यांना विचारताना रुग्णाचा अपमान होणार नाही अशी सोय करा, नाहीतर पत्नी त्यांच्यासमोर काहीच बोलणार नाही.

दुसरे कारण आपल्या घरांची रचना. टीएफसी क्षमता मोजते, म्हणजे माणूस काय करू शकतो ते. घरचे काय करू देतात, हे ती विचारत नाही. भावाने मायेपोटी सगळे व्यवहार स्वतःकडे घेतले असतील तर "पैसे हाताळत नाहीत" एवढ्यावरून ० लिहिणे चूक. उलट, ज्या गृहिणीने बँकेचे पासबुक कधी हातात घेतले नाही तिला "व्यवहार नेहमीसारखे" म्हणून ३ देणेही चूक. तिला भिशीचे विचारा, किराण्याच्या यादीचे विचारा, भाजीवाल्याकडून पाचशेच्या नोटेचे सुटे परत घेताना काय होते ते विचारा. तुलना तिच्या आजाराआधीच्या स्वतःच्या पातळीशी करायची. शेतकऱ्याचा व्यवसाय मोजताना "शेतात जातात का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, जातात सगळेच. फवारणीचे प्रमाण कोण काढतो, मोटार कोण चालू-बंद करतो, मजुरांचा हिशेब कोण ठेवतो, हे विचारा.

काळजीच्या पातळीचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत जास्त बिघडतो. मूळ मोजपट्टीत घर, घर किंवा दीर्घकालीन संगोपन केंद्र, आणि पूर्णवेळ शुश्रूषा अशा तीन पायऱ्या आहेत. आपल्याकडे शेवटपर्यंत माणूस घरीच असतो, म्हणून सगळ्यांना २ दिला जातो. चोवीस तास कुणीतरी जागे राहते, भरवते, कूस बदलते, आणि कागदावर मात्र "घरी" म्हणून पूर्ण गुण. तो माणूस कुठे राहतो हे बाजूला ठेवा आणि त्याला लागणारी काळजी कोणत्या पातळीची आहे ते लिहा. त्या घरातल्या सून-पत्नी-आईचे श्रम नोंदीत यायचे असतील तर एवढाच मार्ग आहे.

टीएफसीच्या जोडीला यूएचडीआरएसमधली २५ "होय-नाही" प्रश्नांची कार्ययादी आणि १० ते १०० ची स्वावलंबन पट्टी भरा. पट्टीवर १०० म्हणजे कसलीच मदत नको. ८० च्या आसपास कामावर परिणाम. ७० ला अंघोळ स्वतः करतात, पण वाहन चालवणे थांबलेले आणि स्वयंपाक, सुरीचे काम मर्यादित. ६० ला घास कापून द्यावा लागतो. ५० ला दिवसरात्र देखरेख. टीएफसी ० झाल्यावरही ही पट्टी खाली सरकत राहते, म्हणून उशिराच्या अवस्थेत तिचाच आधार असतो.

चाल, तोल, खाणे

फिजिओथेरपिस्ट म्हणून तुम्ही यात भर घालू शकता. उठून तीन मीटर चालून वळून परत बसण्याची चाचणी हंटिंग्टनमध्ये १४ सेकंद किंवा जास्त लागली, किंवा बर्ग तोल पट्टीवर ५६ पैकी ४० किंवा कमी गुण आले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. पण तीच चाल तीन प्रकारे घ्या: नुसती, हातात पाण्याने भरलेला पेला घेऊन, आणि उलटे आकडे म्हणत. नुसत्या चालीला ११ सेकंद आणि आकडे म्हणताना १९ लागत असतील, तर घरात ते पडतात ते बोलता-बोलता वळताना, हे तुम्हाला कळते आणि घरच्यांना "चालताना हाक मारू नका" असे नेमके सांगता येते.

या चाचण्या खुर्चीच्या घरांसाठी बनल्या आहेत. आपल्याकडचे रुग्ण जमिनीवर जेवतात, गादी खाली घालतात, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसतात. म्हणून जमिनीवर बसून उठायला किती सेकंद लागतात, कशाचा आधार घेतात, उकिडवे बसल्यावर मागे कलंडतात का, हे वेगळे लिहा. या नोंदीला प्रमाणित गुण नाहीत, पण कठडा कुठे बसवायचा हे तिच्यावरूनच ठरते. रुग्ण घरात ज्या चपला घालून किंवा अनवाणी चालतात, तसेच तपासा.

वजन प्रत्येक भेटीत घ्या. या आजारात वजन झपाट्याने उतरते आणि सैल कपड्यांत ते दिसत नाही. जेवताना ठसका, घास न चावता तोंड भरून घेणे, पाणी पिताना खोकला, यांविषयी विचारा. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे हंटिंग्टनमधल्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे.

तुमच्या रुग्णाविषयी

सुरुवातीच्या अवस्थांत टीएफसी साधारणपणे वर्षाला पाऊण ते एक गुणाने उतरते. आठ महिन्यांत दोन गुण म्हणजे वेग अपेक्षेपेक्षा जास्त आहे, आणि ते दोन्ही गुण व्यवसाय आणि पैसे यांतले असतील तर कारण फक्त आजारात शोधू नका. टेट्राबेनाझिनने नैराश्य, झोपाळूपणा, पार्किन्सनसारखा मंदपणा आणि एका जागी बसवत नाही अशी तगमग येऊ शकते. "कशातच नसतात" हे पत्नीचे वाक्य नैराश्याचेही असू शकते आणि आजारातल्या उदासीनतेचेही. उदासीन माणसाला काही करावेसे वाटत नाही, पण तो दुःखीही नसतो. निराश माणूस झोप, भूक, अपराधभाव, जगण्याचा कंटाळा यांविषयी विचारल्यावर बोलतो. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. या आजारात तो धोका खरा आहे आणि विचारल्याने तो वाढत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

औषधांची पूर्ण यादी पाहा. मधल्या काळात कुणी फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे सुरू केली असतील तर ही औषधे टेट्राबेनाझिनचे विघटन करणारी सीवायपी२डी६ यंत्रणा अडवतात आणि त्याच डोसमध्ये रक्तातली पातळी खूप वाढते. बाह्यतः दिसते ते एवढेच: कोरिया छान शांत आणि माणूस लाकडासारखा. गेल्या काही महिन्यांत डोक्यावर पडले होते का, हेही विचारा. कवटीखाली हळूहळू साचणारे रक्त असाच मंदपणा आणते. डोस तुम्ही बदलू नका आणि घरच्यांनाही परस्पर औषध बंद करू देऊ नका. पण न्यूरॉलॉजिस्टला चिठ्ठी लिहिताना "मोटर गुण ३८ वरून ३१, सुधारणा" असे न लिहिता असे लिहा: कोरिया १५ वरून ५, इतर मोटर २३ वरून २६, टीएफसी ९ वरून ७, कोणत्या दोन प्रश्नांत घट, शेवटचा डोस किती वाजता, वजन किती, मनःस्थितीबद्दल काय आढळले. डोस थोडा उतरवून कोरिया ८-९ वर परत आला आणि त्याबरोबर माणूस वहीसमोर बसू लागला, तर तो सौदा बहुतेक रुग्णांना आणि घरच्यांना मान्य असतो. तो विचारून ठरवा, कारण हलणाऱ्या हातांची लाज कुणाला किती वाटते हे आपल्याला माहीत नसते.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कागद तयार करताना एक हिशेब कुणी करून दिला तर तो खोडून टाका: ३१ भागिले १२४ म्हणजे २५ टक्के. मोटर गुण हे अपंगत्वाचे टक्के नव्हेत. २०१६ च्या कायद्याखालचे लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात, आणि या चुकीच्या भागाकाराने नोकरी गेलेला माणूस त्या रेषेखाली ढकलला जातो. मंडळापुढे जाताना टीएफसी, स्वावलंबन पट्टी आणि २५ प्रश्नांची यादी, तिन्हींवर तारीख आणि माहिती देणाऱ्या घरच्या व्यक्तीचे नाते लिहून सोबत द्या.